‘थांबलो’ असे कोणी म्हणायचे?

स्मरणिकेत काय छापावे याचे काही संकेत ठरून गेलेले आहेत. संस्थापकांचे छायाचित्र, मान्यवरांचे शुभसंदेश, शालान्त परीक्षेच्या निकालांचे तक्ते आणि अधिकारी, अभियंते, डॉक्टर, प्राध्यापक झालेल्या माजी विद्यार्थ्यांची यादी. ही यादी आम्हालाही प्रिय आहे. ज्या वस्त्यांतून ही मुले आली त्या वस्त्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना त्यातील एकेका नावामागे किती जणांचे अर्धपोटी दिवस उभे आहेत हे सांगावे लागत नाही. परंतु त्या यादीत न मावणारा एक प्रश्न गेली काही वर्षे आमचा पिच्छा सोडत नाही, आणि तो मांडायला याहून योग्य जागा आम्हाला दिसत नाही. कारण आपले माजी विद्यार्थी, त्यांचे आईवडील आणि त्यांच्या सहचारिणी अशी सगळीच मंडळी हा अंक हाती घेणार आहेत. प्रश्न असा आहे : आपल्याच वसतिगृहात वाढलेले, रोज सकाळी त्रिसरण-पंचशील म्हटलेले काहीजण आज आपल्या घरात बायकोवर हात उचलतात. त्यांचे आपण काय करायचे?

हे वाचून काहींच्या कपाळावर आठी उमटेल, आणि ती का उमटेल हे आम्हाला ठाऊक आहे. ‘आपल्या समाजाकडे आधीच बोट दाखवायला लोक टपलेले असतात, त्यात आपणच छापून द्यायचे का?’ ही भीती खोटी नाही. पोलीस चौकीत आपल्या वस्तीचे नाव सांगितल्याबरोबर समोरच्याचा चेहरा कसा बदलतो, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. परंतु स्त्रीला मारणे ही कोणा एका जातीची मिरास नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे चौथा हिस्सा नवऱ्याच्या हिंसेला सामोरा गेलेला आहे. चौथा हिस्सा म्हणजे सर्व जाती आल्या, सर्व धर्म आले, बंगलेही आले आणि झोपड्याही आल्या. १९९४ मध्ये जळगावचे जे लैंगिक शोषणाचे प्रकरण उघडकीस आले, त्याने प्रतिष्ठेचा पडदा किती विरळ असतो हे साऱ्या महाराष्ट्राला दाखवले. आणि त्यातील कित्येक मुली पुढे आल्या नाहीत त्या याच प्रतिष्ठेच्या धाकाने. तेव्हा झाकून ठेवल्याने अब्रू वाचते हा समज आपण इतरांकडून उसना घेऊ नये.

मारणारा माणूस म्हणजे कोणी राक्षस, हा दुसरा समज. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवडी बाजाराच्या दिवशी मुले पळवणारे समजून सोलापूर जिल्ह्यातून आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत डांबून जमावाने ठार मारले. मारणारे कोण होते? बाजाराला आलेली माणसे. मोबाइलवर फिरणारी अफवा त्यांनी खरी मानली आणि हात उचलला. राक्षस म्हटले की दोन सोयी होतात : एक, तो आपल्यातला नव्हे असे म्हणता येते, आणि दुसरी, त्याला बदलण्याची जबाबदारी आपल्यावर येत नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र ही सोय परवडत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक तरुणी आली. नवरा आपलाच माजी विद्यार्थी. नोकरी बरी, बोलणे गोड, १४ एप्रिलच्या मिरवणुकीत पुढे असणारा. तिच्या मनगटावरची सूज तिने पदराने झाकली होती. पोलिसांत जाण्याचा विचार तिने केला नव्हता, माहेरी तोंड उघडले नव्हते. म्हणाली, “सर, तो तुमनं आयकस.” आमच्या खान्देशी वस्त्यांत मास्तराच्या शब्दाला अजून एवढी किंमत आहे, याचा अभिमान वाटावा की धास्ती वाटावी, हे त्या क्षणी उमगेना. कारण अशा वेळी आपल्याकडे काय होते ते आम्ही जवळून पाहत आलो आहोत.

बैठक भरते. विहाराच्या ओट्यावर किंवा कोणा वडीलधाऱ्याच्या घरी. पाच-सात पुरुष, कोपऱ्यात सासू, दाराशी ती. ‘झालं गेलं सोडून द्या’ या वाक्याने आरंभ होतो. नेमके काय झाले, किती वेळा झाले, लेकरांच्या देखत झाले काय, हे कोणी विचारत नाही. विचारले तर बैठक लांबेल. तो मान खाली घालून बसतो. बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे शपथ घेतो, थोरांच्या पाया पडतो, क्वचित रडतोही. मग सर्वांच्या नजरा तिच्याकडे वळतात. आता तिने ‘माफ केलं’ म्हणायचे असते. भरल्या बैठकीत ती दुसरे काय म्हणणार? चहा होतो. रिक्षा बोलावून तिला त्याच घरी, त्याच माणसाबरोबर पाठवले जाते, आणि मंडळी एक संसार वाचवल्याच्या समाधानाने उठतात. महिन्याभराने त्या शपथेचे काय झाले हे पाहायला कोणी जात नाही. त्या बैठकीत त्याला काय गमवावे लागले? दोन तास. आणि तिला काय? पुन्हा तक्रार करण्याचा हक्क. कारण पुढल्या खेपेस लोक म्हणतात, ‘मागे तूच तर माफ केलं होतंस.’

या रीतीला आपण करुणा म्हणतो. धम्मात करुणेचा अर्थ असा आहे काय?

अंगुलिमालाची कथा आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ आहे. बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पतितांच्या आणि गुन्हेगारांच्या धम्मदीक्षेला स्वतंत्र भाग दिला आणि त्यात अंगुलिमालाला स्थान दिले. परंतु स्नेहसंमेलनात ही कथा नाट्यरूपाने सादर होते तेव्हा ती एका ठरावीक जागी संपते : तथागत म्हणतात, मी थांबलो आहे, तू थांब; तो शस्त्र टाकतो; पडदा पडतो, टाळ्या होतात. मज्झिमनिकायातील मूळ सुत्त तेथे संपत नाही. खरे म्हणजे महत्त्वाचे ते पुढेच आहे.

भिक्खू झालेला अंगुलिमाल श्रावस्तीत भिक्षेला जातो तेव्हा त्याच्यावर ढेकळे, काठ्या, खापऱ्या येऊन आदळतात. डोके फुटलेले, पात्र भंगलेले, चीवर फाटलेले अशा स्थितीत तो परततो. तथागत त्या लोकांना दोष देत नाहीत, ‘आता हा बदलला आहे, याला त्रास देऊ नका’ अशी दवंडी पिटवत नाहीत. ते त्याला सहन करायला सांगतात; तुझ्या कर्माचे फळ तू येथेच भोगतो आहेस, असे सांगतात. दुसरी गोष्ट याहून मार्मिक आहे. प्रसूतीच्या वेदनांत अडकलेल्या एका स्त्रीपुढे सत्यवचन उच्चारायचा प्रसंग येतो. जन्मल्यापासून मी जाणूनबुजून कोणाचा प्राण घेतला नाही, असे म्हण, असे त्याला प्रथम सांगितले जाते; तो म्हणतो, भगवन्, हे तर खोटे ठरेल. तेव्हा वाक्य बदलते : आर्यजन्म झाल्यापासून. म्हणजे बदललेला माणूस आपला मागचा हिशेब पुसत नाही. पुसायला सांगितले तरी तो नाही म्हणतो.

तिसरी गोष्ट आपल्या व्याख्यानांत क्वचितच येते. विनयपिटकाच्या महावग्गात नोंद आहे की अंगुलिमालाला संघात पाहून लोक घाबरले, पळू लागले, कुरकुर करू लागले. आणि त्यावर तथागतांनी नियम केला की यापुढे कुख्यात दरोडेखोराला प्रव्रज्या देऊ नये. बदललेल्याला संघाने बाहेर काढले नाही, पण लोकांचे भयही खोटे ठरवले नाही. संघ ही लपण्याची जागा होऊ नये, याची ती तजवीज होती.

आणखी एक बारकावा इतिहासाच्या विद्यार्थ्याने ध्यानात घ्यावा. गुरूने हजार बोटांची दक्षिणा मागितली म्हणून तो बिचारा मारत सुटला, ही कथा मूळ सुत्तात नाही. ती नंतरच्या अट्ठकथेतील आहे. सुत्तात त्याच्या हिंसेला कोणतेही निमित्त दिलेले नाही. निमित्त पुरवण्याची हौस भाष्यकारांना झाली, आणि ती आपल्यालाही होते.

आपली निमित्ते ठरलेली आहेत. पहिले, दारू. बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, आणि व्यसनमुक्तीचे काम किती मोलाचे आहे हे १९८६ पासून पुण्यात चाललेल्या ‘मुक्तांगण’ने दाखवले आहे. त्याविषयी आम्हाला आदरच आहे. परंतु ‘त्याने नाही मारलं, दारूने मारलं’ हे वाक्य ऐकले की आम्ही एकच विचारतो : प्यालेला असताना त्याने कधी जिनिंगच्या मालकावर हात टाकला आहे काय? सरपंचावर? नाही. तो वाट चुकत नाही, घर चुकत नाही आणि माणूसही चुकत नाही. दारू सुटल्यावर मारणेही सुटलेले काही संसार आम्ही पाहिले आहेत. दारू सुटूनही शुद्धीत मारणारे त्याहून थोडे अधिक पाहिले आहेत.

दुसरे निमित्त आपल्या चळवळीतले आहे, म्हणून अधिक अवघड. ‘बाहेर जात आडवी येते, अपमान गिळावा लागतो, तो राग घरी निघतो.’ यात तथ्य नाही असे कोण म्हणेल? परंतु त्याच वस्तीतली स्त्री त्याच मालकाच्या शेतात केळीचे घड वाहते, तोच अपमान गिळते, शिवाय आणखी एक जास्तीचा गिळते. तिचा राग कोणावर निघतो? आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण घ्या. १९२९ साली शासकीय समितीच्या कामावर असलेले बाबासाहेब चाळीसगावला उतरले, तेव्हा अस्पृश्याला घेऊन टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार झाला नाही. अखेर वस्तीतल्याच एका नवख्या माणसाने टांगा हाकला आणि पुलावर बाबासाहेब टांग्यातून दगडांवर फेकले गेले, पाय मोडला. परदेशातून पदव्या घेऊन आलेल्या बॅरिस्टराचा हा अपमान. त्या अपमानाचे त्यांनी काय केले ते आपण जाणतो. आणि स्त्रीने नवऱ्याशी कसे वागावे हे त्यांनी २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत निःसंदिग्धपणे सांगितले : तिने त्याची मैत्रीण व्हावे, बरोबरीची व्हावे, दासी होण्यास नकार द्यावा. दर ३१ जुलैला धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर बाबासाहेबांच्या १९३७ मधील मुक्कामाची आठवण जागवायला हजारोंनी जमणाऱ्या आपल्या बांधवांपैकी किती जणांनी ही तारीखही लक्षात ठेवली आहे?

कायद्याने या निमित्तांची वाट केव्हाच बंद केली आहे, हे आपल्या लोकांना फारसे ठाऊक नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. त्यानुसार दंडाधिकारी हिंसा करणाऱ्याला समुपदेशनास पाठवू शकतात. आणि त्याखालील नियमांत स्पष्ट लिहिले आहे की आपण का मारले याचे समर्थन समुपदेशनात करता येणार नाही. ही गोष्ट त्याला आरंभीच सांगून टाकावी, आणि यापुढे हिंसा करणार नाही अशी हमी त्याच्याकडून घ्यावी. ‘तिने उलट उत्तर दिलं’, ‘जेवण वेळेवर नव्हतं’ हे सगळे दाराबाहेर ठेवून आत यायचे. सुत्तकाराने जे केले तेच या नियमाने केले, असे आम्हाला वाटते.

मग माणूस बदलतो तरी कसा? या कामाला आता चार दशकांहून अधिक इतिहास आहे. अमेरिकेतील डुलुथ या गावी १९८१ च्या सुमारास पोलीस, न्यायालय आणि स्त्रियांच्या संघटना एकत्र आल्या आणि हिंसा करणाऱ्या पुरुषांचे गट सुरू झाले. आठवड्यातून एकदा, कित्येक महिने, पुरुषांनी गोल बसायचे आणि आपण काय केले ते नेमक्या शब्दांत सांगायचे. ‘भांडण झालं’ नव्हे, ‘मी तिचे केस धरून तिला भिंतीवर आपटलं’. सोबत तिच्याशी स्वतंत्रपणे संपर्क ठेवायचा. गटात तो काय बोलतो यापेक्षा घरी तो कसा वागतो याला वजन द्यायचे. या प्रयोगांचे फळ किती, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. काही थांबतात, काही थांबत नाहीत, आणि काही फक्त हुशार होतात. हात आवरतात आणि धमकीवर, पैसे अडवण्यावर, माहेरी न जाऊ देण्यावर येतात. हा तिसरा प्रकार ओळखू शकते ती एकटी तीच.

आपल्याकडेही वाट पडलेली आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांबरोबर महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. १९९१ मध्ये एका पत्रकाराने वर्तमानपत्रात जाहिरात देऊन, बायका मारण्यासाठी नसतात असे मानणाऱ्या पुरुषांना पुढे येण्याचे आवाहन केले. दोनशेहून अधिक पुरुषांनी प्रतिसाद दिला आणि त्यातून १९९३ मध्ये मुंबईत ‘मेन अगेन्स्ट व्हायोलन्स अँड अब्यूज’, म्हणजे ‘मावा’ ही पुरुषांची संघटना उभी राहिली. महाविद्यालयीन मुलांशी पुरुषपणाविषयी मोकळेपणाने बोलणे, हे तिचे पुढे मोठे काम झाले. विपश्यनेचेही नाव येथे घेतले पाहिजे. १९९४ मध्ये तिहार तुरुंगात हजाराहून अधिक कैदी एकाच वेळी दहा दिवस मौनात बसले होते. आपल्यातील कित्येकांना ध्यानाचा हा मार्ग बाबासाहेबांच्या धम्माशी कितपत जुळतो याविषयी शंका आहे, तो वाद येथे नको. आमची अडचण साधी आहे : शिबिरात बायको नसते. अकराव्या दिवशी घराचे दार उघडल्यावर काय झाले, हे शिबिराच्या प्रमाणपत्रावर लिहिलेले नसते.

पश्चात्तापाविषयी बोलताना सम्राट अशोकाला टाळता येत नाही. कलिंगयुद्धानंतरची त्याची वेदना तेराव्या शिलालेखात आहे : एक लक्ष ठार, दीड लक्ष लोक बंदी करून नेलेले. वर्गात हा लेख शिकवताना आजही स्वर कापतो. परंतु ज्या कलिंगात हे घडले, तेथे धौली आणि जौगड येथे कोरलेल्या लेखमालेत हा तेरावा लेख नाही. त्याच्या जागी अधिकाऱ्यांसाठी वेगळे आदेश आहेत : सर्व प्रजा माझी लेकरे आहेत, कोणालाही विनाकारण बंदीत टाकू नका, छळू नका, न्यायात कुचराई करू नका. विद्वानांनी याची नाना कारणे दिली आहेत. आम्हाला त्यातून एक गोष्ट घ्यावीशी वाटते. आपल्या पश्चात्तापाचे वर्णन जगाला ऐकवायला हरकत नाही. पण ज्यांना जखम केली त्यांच्या दारात पश्चात्ताप नव्हे, वागणूक कोरावी लागते.

त्या तरुणीला आम्ही बैठक भरवून दिली नाही. आमच्या एक सहकारी शिक्षिका तिच्यासोबत संरक्षण अधिकाऱ्यांकडे गेल्या. ती लेकरासह माहेरी राहिली, न्यायालयाचा संरक्षण आदेश झाला. मग तो आला. रागावलेला होता. “सर, तुम्ही माझे की तिचे?” आम्ही म्हटले, “तुझाच आहे, म्हणून तिला घरी पाठवलं नाही.” तो दोन वर्षे आमच्याशी बोलला नाही. पुढे बोलू लागला, आमच्याकडे येऊन बसू लागला, पहिल्या काही भेटींत ‘पण ती पण’ या तीन शब्दांपलीकडे जाईना. एके दिवशी ते शब्द आले नाहीत. आज तो आदेशाप्रमाणे खर्चाचे पैसे वेळेवर देतो, मुलाला ठरल्या दिवशी भेटतो. तो बदलला काय, असे विचारणाऱ्यांना आम्ही सांगतो की तिला विचारा. तिने अद्याप परत जाण्याचे ठरवलेले नाही. काही हितचिंतकांना हे निष्ठुर वाटते. एवढा सुधारला, आता तरी तिने जावे, असे ते म्हणतात. जणू त्याच्या सुधारण्याचे बक्षीस तिने स्वतःच्या अंगाने द्यायचे आहे! तो सुधारला असेल तर ती न येताही सुधारलेला राहील.

माजी विद्यार्थी संघापुढे म्हणून आमचे काही म्हणणे आहे. शाळेच्या आवारात किंवा शाळेच्या नावाने यापुढे समझोत्याची बैठक होऊ नये. ज्याच्याविरुद्ध संरक्षण आदेश चालू आहे, त्याला मेळाव्यात यायला मज्जाव नको, पण व्यासपीठावर बसवून शाल घालू नये. याला कोणी बहिष्कार म्हणेल. बहिष्कार काय असतो हे आपल्याला कोणी शिकवायला नको, आणि हा तो नव्हे.

वसतिगृहाविषयीही थोडे. पाचवीत येणारे कित्येक मूल घरी आईला मार खाताना पाहून आलेले असते. पहिल्या महिन्यात ते शेजारच्या खाटेवरल्याला मारते, कारण ‘नाही’ म्हणायची तेवढी एकच भाषा त्याला येते. त्याला छडीने सुधारणे म्हणजे तीच भाषा पक्की करणे; बालकांच्या शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने छडी बेकायदेशीर ठरवली आहेच. त्याला ताट घासायला, पोळ्या लाटायला, आणि राग आला तर खोलीबाहेर जाऊन मैदानाला फेरी मारायला शिकवता येते. नववी-दहावीच्या मुलांशी याहून उघड बोलता येते. “मनी बायको शे, तुले काय करनं शे?” हे वाक्य आपल्या गावात किती वेळा ऐकले असे विचारले की सगळे हात वर होतात, आणि मग तासभर कोणालाही गप्प बसवावे लागत नाही.

आणि मोठ्यांसाठी वर्षावास आहे. आषाढ पौर्णिमेपासून आपल्या विहारांत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन होतेच. अंगुलिमालाचा भाग वाचून झाला की ग्रंथ मिटून घरी न जाता पुरुषांनी तासभर तेथेच बसावे, दर पंधरवड्याला, तीन महिने. कोणी कोणाला उपदेश करायचा नाही, निमित्ते दाराबाहेर ठेवायची, आणि जे केले ते नेमक्या शब्दांत सांगायचे. समुपदेशनाचे प्रशिक्षण घेतलेली एखादी व्यक्ती सोबत असावी, कारण केवळ सदिच्छेने हे काम बिघडते. जळगावात एका विहारात आणि धुळ्यात एका विहारात सुरुवात करावी, असे आमचे सुचवणे आहे. पहिल्या खेपेस चार जण आले तरी चटई अंथरू. मात्र त्या चौघांच्या घरी आमच्या दोन शिक्षिका आधी जाऊन आलेल्या असतील आणि तीन महिने जात राहतील. त्या काय ऐकून आल्या हे त्या चौघांना कळणार नाही.